बोन ते क्लूनी सायकलवर: पैसे बॅगांचे, रस्ता फुकटचा

फ्रान्समधल्या बर्गंडीतल्या या सायकल सहलीत मला जे जे आवडलं, त्यातल्या बहुतेक गोष्टींचे पैसे कंपनीने घेतलेच नव्हते. ही तक्रार नाही, पण असं पॅकेज घ्यायच्या विचारात असाल तर आपण नक्की कशाचे पैसे मोजतोय हे ठाऊक असलेलं बरं.

जूनअखेरीस आम्ही दोघं नवरा-बायको बोनहून क्लूनीपर्यंत गेलो. बरोबर गाइड नाही, गट नाही, सकाळी शिट्टी वाजवून गोळा करणारं कुणी नाही. कंपनी हॉटेलं ठरवते, सायकली देते, फोनवर रस्त्याचा नकाशा पाठवते आणि रोज सकाळी बॅगा उचलून पुढच्या मुक्कामी पोचवते. बाकी तुम्ही आणि तुमचे पाय. आमच्याकडे ह्यांचे गुडघे कुरकुरतात म्हणून ह्यांना बॅटरीची सायकल घेतली, मला साधी. निफाड तालुक्यातले द्राक्षवाले असल्यामुळे हे तसेही दर शंभर मीटरवर थांबणार होते, त्यामुळे बॅटरीचा फायदा म्हणावा तसा झालाच नाही.

दिजोंहून लोकल गाडीने बोन अर्ध्या तासाच्या आत येतं. गावाची वेस ओलांडली की व्हॉआ दे व्हीन्य सुरू होते, म्हणजे द्राक्षमळ्यांतून जाणारी सायकलवाट. सांतनेपर्यंत साधारण 22 किलोमीटर. ही सायकलींसाठी मुद्दाम बांधलेली वाट नाही. शेतकऱ्यांचे शिवाररस्तेच एकमेकांना जोडलेत, काही ठिकाणी काँक्रीट टाकलंय आणि नाक्यानाक्यावर हिरव्या-पांढऱ्या पाट्या लावल्यात. म्हणून पहिला मान ट्रॅक्टरचा. तो दिसला की आपण कडेला व्हायचं. पण मोटारी जवळजवळ नाहीतच, त्या सगळ्या खालच्या मोठ्या रस्त्याने जातात. चढ-उतार आहेत, पण दमछाक करणारे नाहीत.

तिथला ट्रॅक्टर बघून हे आधी हसलेच. चार उंच पायांवर उभा, आणि वेलींची ओळ त्याच्या पोटाखालून जाते. कारण ओळी एकेक मीटरवर आहेत, मधून ट्रॅक्टर जाणार कुठून? आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर लागवड, एकरी हजाराच्या आत-बाहेर वेली, वर मांडव किंवा इंग्रजी वायच्या आकाराचा तारांचा आधार. तिथे हेक्टरी सुमारे 10,000 वेली आणि उंची माझ्या कमरेच्या थोडी वर. ठिबकची नळी औषधालासुद्धा दिसली नाही. वेलींनी पावसावर जगायचं आणि मुळं खोल न्यायची. "इतक्या दाटीत आपल्याकडे डाऊनीने बाग उभी जळाली असती," हे म्हणाले (डाऊनी म्हणजे वेलींवरचा बुरशीचा रोग), आणि व्होलने गावाबाहेर एका ओळीच्या टोकाला उकिडवे बसून त्यांनी एक पान उलटं केलं. पानावर निळसर ठिपके होते. "बोर्डो मारलंय." म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा फवारा.

तेवढ्यात ओळीतून एक साठीचा गृहस्थ बाहेर आला. आता हा ओरडणार, असं मला वाटलं. ह्यांनी पान दाखवून विचारलं, "डाऊनी?" तो म्हणाला, "मिल्द्यू," आणि दोघांनी एकदमच सुस्कारा टाकला. पुढची पंधरा मिनिटं एकाला दुसऱ्याची भाषा येत नसताना फवारणीवर चर्चा झाली, बोटं मोजून, आभाळाकडे हात करून. ह्यांनी फोनवर आपल्या बागेचा फोटो काढून दाखवला. डोक्यावर लोंबणारे घड बघून त्याने फोन आधी डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. मणी अजून ज्वारीएवढेच होते तिथे. एप्रिलच्या दहिवरात कोंब जळू नयेत म्हणून हे लोक रात्रभर ओळींमध्ये मेणाचे डबे पेटवून बसतात. निफाडला पारा घसरला की आम्हीही बागेत शेकोट्या करतो, त्यामुळे तेही हातवाऱ्यांवरच समजलं.

पोमार, व्होलने, म्यर्सो, प्युलिन्यी-मोंराशे, शासान्य-मोंराशे. वाइनच्या दुकानात ज्या नावांसमोर आपण किंमत वाचून पुढे सरकतो, ती इथे दोन-चार किलोमीटरवर येणारी साधी गावं आहेत. चर्च, चौक, दगडी घरं, आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. म्यर्सोच्या नगरपालिकेवर रंगीत चकाकत्या कौलांचं छप्पर आहे, तेवढं थांबून बघा. गावांपेक्षा मला मळ्यांचे तुकडे जास्त नवलाचे वाटले. एकेका तुकड्याला तिथे क्लिमा म्हणतात. असे 1,247 तुकडे नावानिशी नोंदलेले आहेत आणि 2015 मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीत घेतले. मधे कमरेएवढी दगडी भिंत किंवा नुसती पायवाट. अलीकडची बाटली एका भावाची, पलीकडची कैक पटींनी महाग. मोंराशे हे एवढं मोठं नाव, पण जमीन फक्त आठ हेक्टर, तीही दोन गावांत विभागलेली आणि मालक डझनाहून जास्त. नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या मुलांना वाटा द्यावा लागला आणि वाटण्या होत होत कुणाच्या वाट्याला दोन-चार ओळीच उरल्या. "म्हणजे भाऊबंदकी इथेही आहे," हे समाधानाने म्हणाले.

बोन मात्र निघायच्या घाईत उरकू नका. 1443 मध्ये बर्गंडीच्या ड्यूकच्या चान्सलरने, म्हणजे मुख्य कारभाऱ्याने, निकोला रोलँने, आणि त्याच्या बायकोने गरिबांसाठी बांधलेला दवाखाना, ओतेल-दिये, तिथे आहे. लाकडी छताचं लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना लाल पडद्यांच्या खाटा. विसाव्या शतकातही इथे रुग्ण होते. या दवाखान्याला लोकांनी शतकानुशतकं मळे दान दिले, आज त्याच्याकडे सुमारे 60 हेक्टर आहेत. त्यांच्या वाइनचा लिलाव 1859 पासून होत आलाय, हल्ली नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. बोनमध्ये एक रात्र जास्तीची मागून घ्या. आम्ही घेतली, आणि पॅकेजमध्ये कंपनीने मनापासून केलेली ती एकच अदलाबदल.

सांतनेनंतर कालव्याकाठची वाट लागते आणि शान्यीवरून शालों-सूर-सोनकडे नेते. सपाट, सावली बरी, बोटी वर-खाली नेणाऱ्या झडपांचे दरवाजे उघडताना बघायला मजा येते, पण दोन तासांनी कंटाळा येतो. यातला काही भाग अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो 6 या सायकलमार्गाचा आहे, त्यामुळे भरपूर सामान लादलेले गंभीर चेहऱ्याचे लोक समोरून येत राहतात.

खरी शांतता जिव्रीनंतर. जिव्री ते क्लूनी ही 44 किलोमीटरची वाट 1997 मध्ये खुली झाली, फ्रान्समधली अशी पहिली. पूर्वी इथून आगगाडी जायची. रूळ काढले आणि त्या जागी गुळगुळीत डांबर घातलं. आगगाडीचाच रस्ता असल्यामुळे चढ इतका हळू येतो की पायाला पत्ता लागत नाही, फक्त वेग का कमी झाला याचं कोडं पडतं. वाहनांना पूर्ण बंदी. गावातला रस्ता आडवा येतो तिथे दोन खांब असतात, सायकल हळू करून मधून काढायची. जुनी स्टेशनं तशीच उभी आहेत, फलाटासकट. मागून हॉर्न नाही, धूर नाही, बाजूने घासून जाणारा टेम्पो नाही. आपल्याकडे हायवेच्या कडेने सायकल चालवताना खांदे कानापर्यंत चढलेले असतात. ते इथे कधी खाली आले ते कळलंही नाही. ज्या टप्प्यांत मोटारींच्या रस्त्यावर यावं लागतं, तिथेही ओलांडताना गावाबाहेर दीड मीटर अंतर ठेवायचा कायदा आहे आणि लोक तो पाळतात. वळणावर आमच्यामागे एक दुधाची गाडी मुकाट्याने रांगत आली, दिवासुद्धा मारला नाही.

या वाटेवरची गावं बघायला वाट सोडावी लागते आणि बहुतेक वेळा ती चढावर असतात. ब्युसी आणि सें-जांगू-ल-नास्योनाल जवळ आहेत, सें-जांगूच्या मध्ययुगीन बोळांत अर्धा तास सहज जातो. कॉर्मातेंचा सतराव्या शतकातला वाडा आतून सोन्याने इतका मढवलाय की बाहेरची बाग बघून डोळे निवले. तिथून जवळच्या टेकडीवर तेझे आहे, 1940 मध्ये सुरू झालेला मठ, पाठपिशव्या घेतलेल्या तरुण मुलांनी गजबजलेला. क्लूनीला मात्र पूर्ण दिवस हवा. 910 साली स्थापन झालेल्या या मठाचं 1088 पासून बांधलेलं चर्च 187 मीटर लांब होतं. रोमचं सेंट पीटर्स होईपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठं चर्च नव्हतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते विकलं गेलं आणि खरेदीदारांनी दगडांसाठी पाडलं. आज दहावा हिस्साही उरलेला नाही. गावातून चालताना आपण त्या चर्चच्या पोटातून चालतोय हे जमिनीवरच्या खुणा बघून समजतं.

आता कंपनीबद्दल. सायकली उत्तम, ब्रेक नवेकोरे. मला फ्रेम मोठी पडत होती, ती कुरकुर न करता बदलून दिली. इंग्रजीतला मदतीचा फोन दुसऱ्या रिंगला उचलतात. पण शालोंला बॅगा पाचपर्यंत पोचायच्या होत्या, त्या साडेसातला आल्या. घामट कपड्यांत आम्ही हॉटेलच्या दाराशी बसून राहिलो आणि वर "ट्रॅफिक" हे उत्तर ऐकलं. सोबतच्या माहितीपत्रकात जिव्रीत दुपारच्या जेवणासाठी सुचवलेली खानावळ सोमवारी बंद असते, आणि आमचा जिव्रीचा दिवस त्यांनीच सोमवारी ठेवला होता. सायकलभाडं, हॉटेलं आणि बॅगांची ने-आण वेगवेगळी ठरवली असती तर माझ्या हिशेबाने दोन-तृतीयांश पैशांत भागलं असतं. वाटेवर पाट्या इतक्या चोख आहेत की नकाशा तर मी दुपारनंतर बघितलाच नाही. तरीही पन्नाशीच्या पुढे असाल, पहिलीच खेप असेल, तर बॅगा कुणीतरी उचलतंय या एका गोष्टीसाठी घ्या. पाचपैकी साडेतीन.

शाकाहारी असाल तर पोटाची सोय आपणच बघायची. बारा ते दोन जेवण, मग संध्याकाळी सातपर्यंत चूल बंद, ही तिथली रीत. सकाळी बेकरीतून लांब पाव आणि गूजेर घ्यायचे. गूजेर म्हणजे चीज घातलेले पोकळ, खुसखुशीत गोळे. बकरीच्या दुधाचं चीज जागोजागी मिळतं. आमच्याकडची शेंगदाण्याची चटणी त्या पावाबरोबर फार बरी लागली. पिण्याच्या पाण्याचा नळ बहुतेक गावांत दफनभूमीच्या फाटकाशी असतो, "ओ नों पोताब्ल" (पिण्याचं पाणी नव्हे) अशी पाटी असेल तर मात्र भरू नका. वाइन चाखायला आधी वेळ घेतलेली बरी आणि चाखून थुंकायला तिथे भांडं ठेवलेलं असतं, ते लाजेखातर टाळू नका. दारूची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे.

क्लूनीच्या पुढे माकोंपर्यंत जायचं तर वाटेत बोआ क्लेरचा 1,600 मीटरचा जुना रेल्वे बोगदा लागतो, आत चांगलाच गारठा. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात आणि मग वरून डोंगर चढावा लागतो, म्हणून मे ते सप्टेंबर बघा. माकोंला गाव-स्टेशनवरूनच गाडी पकडा. वेगवान गाड्यांचं लोशे स्टेशन गावाबाहेर आहे, आणि त्या गाड्यांत सायकल नेणं म्हणजे आणखी एक आरक्षण.