‘1.67 कोटी रंग’ म्हणून विकलेला फिका मॉनिटर

लग्नाच्या हॉलवरच फोटो निवडून देणाऱ्या एका स्टुडिओला 15.6 इंची पोर्टेबल मॉनिटर ‘आयपीएस, 1.67 कोटी रंग, 100 टक्के एसआरजीबी’ असं सांगून विकला गेला. आयपीएस हा पॅनेलचा प्रकार, आणि एसआरजीबी म्हणजे फोटो आणि वेबसाठी प्रमाण मानलेला रंगांचा पल्ला. दुकानात मोड ‘व्हिव्हिड’ आणि काळ्या पार्श्वभूमीवर भडक फुलांचा व्हिडिओ. तो कुठल्याही पडद्यावर छानच दिसतो.

कामाला लावल्यावर शालूचा लाल विटकरी आणि हळद मळकी दिसू लागली. म्हणून सॅच्युरेशन वाढवलं, आणि अल्बम छापून आला तेव्हा नवरीचा चेहरा नारिंगी. पडद्याचे रंग मोजणारं कलरीमीटर लावल्यावर लाल किती शुद्ध ते दाखवणारा x हा आकडा 0.640 हवा तिथे 0.59 निघाला. एसआरजीबीचे जेमतेम 63 टक्के रंग. म्हणजे स्वस्त लॅपटॉपमध्ये असतं तेच 45 टक्के एनटीएससी पॅनेल. एनटीएससी हे जुन्या टीव्हीचं, एसआरजीबीपेक्षा मोठं रंगमाप.

विक्रेता म्हणाला, ‘कॅलिब्रेट करून घ्या.’ हे साफ खोटं आहे. कॅलिब्रेशनने पांढरा 6500 केल्व्हिनला आणि गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) 2.2 ला बसतो. पॅनेलमध्ये नसलेला लाल त्यातून येत नाही. 1.67 कोटी हा आकडाही छटांच्या पायऱ्यांचा आहे, रंग किती गडद जातो त्याचा नव्हे. कमी पायऱ्यांचं 6 बिट पॅनेलही डिदरिंग करून, म्हणजे जवळच्या छटा मिसळून, तो दाखवतं. आणि नुसतं ‘72 टक्के’ लिहिलं असेल तर कशाचे ते विचाराच. 72 टक्के एनटीएससी म्हणजे जवळपास पूर्ण एसआरजीबी. 72 टक्के एसआरजीबी फोटोच्या कामाला कमीच.

दुकानात आपला पेन ड्राइव्ह न्या. मॉनिटर फॅक्टरी रीसेट करून वीस मिनिटं तापू द्या. मग 255, 0, 0 चा कोरा लाल चौकोन उघडा आणि शेजारी चांगल्या ओएलईडी पडद्याचा फोन ‘नॅचरल’ मोडवर ठेवून तोच चौकोन लावा. अरुंद पॅनेलवर लाल केशरीकडे झुकलेला लगेच दिसतो. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची करडी पट्टीही बघा. तिच्यात पट्टे पडले तर घेऊ नका. ईडीआयडीमधल्या (मॉनिटर स्वतःबद्दल कॉम्प्युटरला देतो ती माहिती) आकड्यांवर विसंबू नका, स्वस्त कंट्रोलर बोर्डात ते कुणीही भरतं.

या स्टुडिओचे पैसे अडकले ते बिलामुळे. त्यावर नुसतं ‘एलईडी मॉनिटर’ लिहिलेलं होतं. मॉडेल, सीरियल नंबर आणि ‘100 टक्के एसआरजीबी’ हे शब्द जीएसटी बिलावर लिहून घ्या. लिहायला नकार मिळाला तर माल तिथेच ठेवा. आधीच फसला असाल तर जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि कलरीमीटरचा रिपोर्ट जपून ठेवून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते.