आठ महिने ट्रॉलीवर: गाडीचं रिकामं शेल घरच्या गॅरेजात हलवताना

इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, दारं, काचा उतरवल्या की गाडी हलकी होते खरी, पण तिची चाकंही गेलेली असतात. हे मला शेल, म्हणजे गाडीचा नुसता पत्र्याचा सांगाडा, स्टँडवर चढल्यावर कळलं. छोट्या हॅचबॅकचं उघडं शेल अडीचशे किलोंच्या आसपास भरतं. चौघांनी उचललं तर हलेल, पण रोज संध्याकाळी चौघं आणायचे कुठून? पहिले तीन आठवडे शेल जागच्या जागी आणि मीच त्याच्याभोवती घिरट्या घालतोय, भिंतीकडची बाजू आली की पाठ सोलून घेतोय, असं चाललं होतं.

मग ट्रॉली केली. ५० मिमीचा चौकोनी पाइप, दोन लांब दांडे, दोन आडवे, कोपऱ्यांना चार फिरती चाकं. शेल पुढे सबफ्रेमच्या (इंजिन-सस्पेन्शन पेलणाऱ्या चौकटीच्या) बोल्टांवर आणि मागे अ‍ॅक्सलच्या ब्रॅकेटांवर कसलं. सिलखालच्या (दारांच्या उंबरठ्याखालच्या) शिवणीवर टेकवायचा मोह झाला होता, पण ती पट्टी धडधाकट असेल तरच भार घेते. माझी गंजून पापुद्रा झाली होती, आणि तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

आठ महिन्यांनंतर सांगायचं तर ट्रॉलीच्या सांगाड्यात फारसं काही चुकत नाही. चुकतं ते चाकांत. मी आधी ७५ मिमीची नायलॉनची चाकं लावली. झाडलेल्या कोब्यावर झकास पळायची, एका हाताने शेल सरकायचं. पण गॅरेज झाडलेलं असतं किती वेळ? जमिनीवर पडलेला एखादा नट आडवा आला की चाक जागीच ठप्प, आणि मागून ढकलणारा मी शेलवर. हिशेब करून पाहिला. चाकावर ७० किलोंचा भार असेल, तर ५ मिमीच्या अडथळ्यावर ७५ मिमीचं चाक चढवायला साधारण ४० किलोंचा जोर लागतो. १२५ मिमीच्या चाकाला ३० किलो पुरतात. शिवाय नायलॉनचा आवाज असा, की रात्री शेल हलवलं तर घरातले सगळे उठून बसणार.

तिसऱ्या महिन्यात १२५ मिमीची पॉलियुरेथेनची चाकं घातली. आवाज गेला, नटांची धास्ती गेली. त्याऐवजी लोखंडाचे कीस चाकात रुततात, ते अधूनमधून टोकदार पकडीने उपटावे लागतात. वेल्डिंग करताना चाकांवर ओलं गोणपाट टाकतो, नाहीतर ठिणग्यांनी त्यांना खड्डे पडतात. चाक निवडताना एकूण वजनाला चारने नव्हे, तीनने भागा. कोबा कितीही सपाट दिसला तरी एक चाक कुठे ना कुठे अधांतरी असतंच, आणि त्याचा वाटा बाकीचे तिघं उचलतात.

मोठ्या चाकांनी एक नवीनच भानगड दाखवली. पाणी बाहेर जावं म्हणून गॅरेजच्या जमिनीला दाराकडे उतार असतो. मीटरला एक सेंटिमीटर उतार म्हणजे अडीचशे किलोंच्या शेलला सतत अडीच किलोंची ओढ. जुनी चाकं तेवढ्याला दाद देत नव्हती. नवी चाकं मात्र लॉक सोडला की हळूच दाराकडे निघायची. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगण खरोखरच वाकडं निघालं. आता लॉकला हात लावण्याआधी उताराच्या बाजूला लाकडी पाचर ठेवतो.

लॉकबद्दलही बोलायला हवं. स्वस्तातल्या लॉकने चाक फिरायचं थांबतं, पण चाक धरणारा दुहेरी काटा उभ्या आसाभोवती फिरतच राहतो. परिणामी चारही लॉक लावून सँडिंगला बसलं तरी शेल डुलतं. दोन्ही एकदम अडवणारा लॉक घ्या. मी तोही घेतला, पण खरा आराम मिळाला तो कोपऱ्यांवर नट वेल्ड करून त्यात घातलेल्या चार जाड बोल्टांनी. बोल्ट खाली फिरवले की चाकं जमिनीवरून ५ मिमी उचलली जातात आणि शेल स्टँडवर असल्यासारखं घट्ट बसतं. आठ महिन्यांतली ही सर्वांत कमी मेहनतीची आणि सर्वांत उपयोगाची सुधारणा. हे पाय एकसारखे टेकले नाहीत तर शेलला पीळ बसू शकतो, म्हणून दाराच्या चौकटीचे कर्ण सुरुवातीला मोजून भिंतीवर लिहून ठेवलेत. प्रत्येक वेल्डिंगआधी टेप लावून ताडून पाहतो.

चारही चाकं फिरती असल्याने शेल आडवं सरकवून भिंतीला लावता येतं, जागा वाचते. सरळ रेषेत नेणं मात्र कठीण. दिशा उलटली की काटे गर्रकन फिरतात आणि शेल दोन-चार बोटं बाजूला जातं. एकदा धाकटा भाऊ "दादा, थांब, थांब!" ओरडेपर्यंत मागचा कोपरा कपाटात घुसला होता. दोन चाकांना दिशा अडवणारी खिट्टी असती तर हे टळलं असतं. पुढची खरेदी तीच. ढकलताना हात ट्रॉलीच्या दांड्यावर ठेवायचे, छताला धरून ढकललं तर वरचा भाग आधी झुकतो. आणि पायाचा अंगठा सांभाळा, चाकं शेलच्या बाहेर डोकावतात.

सर्वांत मोठी चूक मात्र माझ्या आखणीतली. मागचा आधार नेमका अ‍ॅक्सलच्या ब्रॅकेटावर घेतला, आणि गंज काढता काढता कळलं की पत्रा तिथेच कापायचाय. म्हणजे ज्या फांदीवर बसलो तीच तोडायची. शेवटी मागच्या बंपरच्या बोल्टांवर तात्पुरता आडवा दांडा घेऊन वजन तिकडे हलवलं, दारांच्या चौकटीत पाइपचे आडवे टेकू वेल्ड केले आणि मगच कापाकापी केली. त्यात दोन शनिवार गेले. करणाऱ्यांनी आधी खडूने कापायच्या जागा आखाव्यात, ट्रॉलीचं मोजमाप मग घ्यावं.

आता पत्र्याचं काम आटोपलंय. सस्पेन्शन परत लावताना हीच ट्रॉली आड येणार, कारण ज्या बोल्टांवर ती उभी आहे तेच सबफ्रेमला हवेत. म्हणून आडवे दांडे वेल्ड न करता बोल्टने जोडले होते. शेल स्टँडवर घेतलं की चार नट काढून ट्रॉलीचे दोन तुकडे दोन्ही बाजूंनी ओढून काढता येतील. पुढचे दोन नट परवा सैल करून पाहिले, सुटतायत. मागचा एक गंजलाय, त्याला तेल लावून ठेवलंय.