विशेष मुलांच्या पालकांची संघटना: वर्गणी भरावी का? आमचा तीन वर्षांचा अनुभव

मुलगा १९ वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता आहे. नाशिकला ज्या पालक संघटनेचे आम्ही मेंबर आहोत तिच्याबद्दल लिहितोय, नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली थोडी तक्रार पण केलीय आणि शेवटी सगळी आपलीच माणसं आहेत. वर्गणी वर्षाला ५०० रुपये. बायको म्हणाली होती अजून एक ग्रुप, अजून शंभर गुड मॉर्निंग, कशाला हवंय. (येतातच, म्यूट करून ठेवा.)

पैसे कधी वसूल झाले ते सांगतो. मुलाला १८ पूर्ण झाली आणि बँकेतलं त्याचं मायनर खातं अडकलं. आता त्याचीच सही लागेल म्हणे, तो सही करत नाही म्हटल्यावर कोर्टातून गार्डियनची ऑर्डर आणा. अहो मी बाप आहे त्याचा! पण कायद्याने १८ नंतर आईबाप आपोआप पालक राहत नाहीत हे तोपर्यंत मला कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं, ना डॉक्टरांनी ना शाळेने. वकिलाने फीचा आकडा सांगितला तो ऐकून गुपचूप घरी आलो.

शनिवारच्या मीटिंगला विषय काढला तर मागच्या खुर्चीवरच्या एक काकू म्हणाल्या, "कोर्टात कशाला जाताय, कलेक्टर ऑफिसला जा की." १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठी, त्यात प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते, कलेक्टर, एका नोंदणीकृत संस्थेचा माणूस आणि एक दिव्यांग व्यक्ती, तीच कायदेशीर पालक नेमते, वकील लागत नाही. काकूंनी त्यांच्या मुलीच्या वेळच्या फाईलची झेरॉक्स दिली, फॉर्म समोर बसून भरून घेतला. हेलपाटे पडलेच, चारपाच महिने गेले, पण सर्टिफिकेट हातात आलं. ते घेऊन बँकेत गेलो तर साहेब म्हणे हे चालत नाही! मग संघटनेतले एक रिटायर्ड काका सोबत आले, असं सर्टिफिकेट बँकांनी ग्राह्य धरावं हे रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक त्यांच्या पिशवीत प्रिंट काढूनच असतं, टेबलावर ठेवलं आणि पाणी मागितलं. अर्ध्या तासात काम. मी एकटा असतो तर भांडून परत आलो असतो.

निरामय या नॅशनल ट्रस्टच्या आरोग्य विम्याचंही तसंच. १ लाखापर्यंतचं कव्हर, घेताना मेडिकल तपासणी नाही, दारिद्र्यरेषेच्या वरच्यांना पहिल्यांदा ५०० रुपये भरावे लागतात, थेरपीची बिलंसुद्धा टाकता येतात, पण पैसे आधी आपल्या खिशातून आणि परतावा मागाहून, आणि दरवर्षी रिन्यू करायचं विसरलात तर संपलं. संघटनेतून फोन येतो म्हणून आमचं चालू आहे.

आता तक्रारी. मीटिंगला ८० टक्के आया, बाप गाडीत बसून मोबाईल बघतात (मी पण वर्षभर तेच केलं). दोनदा थेरपी सेंटरवाले "मार्गदर्शन" करायला आले, ती सरळ सरळ जाहिरात होती, कमिटीला तोंडावर बोललो. पिकनिकवर जेवढी चर्चा होते तेवढी "आमच्यानंतर याचं काय" यावर होत नाही, निवासी सोय हा विषय निघाला की सगळे चहाकडे वळतात. खरं तर देशभरातल्या पालक संघटनांची 'परिवार' ही शिखर संस्था १९९५ पासून आहे, नॅशनल ट्रस्टच्या कायद्यामागे पालकांचाच रेटा होता आणि तो याच एका काळजीतून आला होता, मग आम्हाला निवेदनं द्यायला काय झालंय? मागच्या वर्षी एकच निवेदन दिलं, तेही फोटोपुरतं.

तरी पाचपैकी चार. एक कापलाय तो त्या चहासाठी.

जाणार असाल तर पहिल्याच दिवशी फाईल घेऊन जा, अपंगत्वाचं सर्टिफिकेट, युडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), आधार, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स. काकू मागतात.