क्रॉल स्पेससाठी ‘संपूर्ण निचरा सेट’ घेताय? आधी आमचं ऐका

घराच्या लाकडी जमिनीखाली जी बुटकी पोकळी असते, जिला क्रॉल स्पेस म्हणतात, तिथं पाणी साचायला लागलं आणि निचऱ्याचं काम स्वतःच करायचं ठरवलं, की एका ठरावीक प्रकारचा विक्रेता तुमच्यापर्यंत पोहोचतो. तो ठेकेदार नसतो. ‘खणायचं तुम्ही, सामान आणि आराखडा आमचा’ असं त्याचं बोलणं. ठेकेदार फसवतात हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून हा माणूस आपल्या बाजूचा वाटतो. आमच्याकडे आलेल्याचं नाव लिहीत नाही. तक्रारीचा निकाल लागायचा आहे, आणि ही रीत त्याच्या एकट्याची असेल असं मला वाटत नाही.

सुरुवात ‘मोफत पाहणी’नं झाली. पाहणीला आलेल्यानं दोन अणकुचीदार टोकं असलेलं ओलावा मोजायचं यंत्र काढलं, पायाच्या काँक्रीटला टेकवलं आणि लाल झालेला आकडा आम्हाला दाखवला. हे यंत्र मुळात लाकडासाठी बेतलेलं असतं. दोन टोकांमधून वीज किती सहज वाहते त्यावरून ते ओलावा ठरवतं. काँक्रीटमधल्या क्षारांमुळे वीज सहज वाहते, त्यामुळे तिथला आकडा टक्केवारी म्हणून वाचण्यात अर्थच नाही. फार तर भिंतीचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा ओला आहे की नाही एवढं कळेल. हेच यंत्र डोक्यावरच्या तुळईला लावायला सांगा. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर ते सहसा कुजत नाही. आमच्या तुळयांना त्यानं यंत्र लावलंच नाही.

मग भिंतीवरची पांढरी पूड ‘बुरशी’ म्हणून दाखवली, जवळून फोटो काढले, आणि घरात कुणाला दमा आहे का, असं अगदी काळजीच्या सुरात विचारलं. ती पूड म्हणजे क्षार होते. चिमूटभर पूड पाण्यात टाकली की बहुतेक वेळा विरघळते, व्हिनेगरचा थेंब पडला की पुष्कळदा फसफसते. बुरशी यातलं काहीच करत नाही. क्षार दिसले म्हणजे भिंतीतून पाणी झिरपतंय, तेव्हा दुर्लक्ष करू नका. पण त्याचा दम्याशी संबंध जोडणाऱ्याला दरवाजा दाखवा.

या सगळ्या पाहणीत तो घराभोवती एकदाही फिरला नाही. पाणी येतं कुठून, हा पहिला प्रश्न हवा. १०० चौरस मीटरच्या छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर अडीच हजार लिटर पाणी होतं. पन्हळीचा पाइप ते पायाशीच ओतत असेल, तर खालची सगळी व्यवस्था तेच पाणी पुन्हा बाहेर काढत बसणार. बाहेरची जमीन घरापासून लांब उतरती हवी, पहिल्या ३ मीटरमध्ये साधारण १५ सेंटिमीटर. पाऊस नसतानाही ओल दिसत असेल तर सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर फिरतोय का बघा. यातलं काही तो विचारत नाही, कारण यातल्या कशाचंही त्याच्याकडे खोकं नाही.

आराखडा ‘खास तुमच्या घरासाठी’ म्हणून आला. त्यात पायाच्या भिंतीला दोन खिडक्या होत्या. आमच्या भिंतीला एकही नाही. हसून सोडून दिलं असतं, पण त्याच आराखड्यात पाणी गोळा करणारा चर फूटिंगला, म्हणजे पायाच्या भिंतीखालच्या रुंद काँक्रीटच्या पट्ट्याला, अगदी चिकटून आणि फूटिंगच्या तळाहून खोल दाखवला होता. फूटिंगवरचा भार खालच्या मातीत तिरका, साधारण ४५ अंशांत पसरत जातो. ती माती काढली की पाया खचू शकतो. चर खोल न्यायचाच असेल, तर जितका खोल तितका तो फूटिंगपासून दूर सरकला पाहिजे. आम्ही त्यांचा आराखडा बाजूला ठेवला आणि चर आत सरकवून घेतला.

आता सेटकडे, म्हणजे पाइप, कापड, पंप आणि जमिनीवर अंथरायचं प्लास्टिक यांच्याकडे येतो.

छिद्रांच्या १०० मिलिमीटर पाइपांवर आधीच कापडी मोजा चढवलेला होता. गाळ आत जाऊ नये म्हणून असा मोजा असतो, त्यात गैर काही नाही. चराला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार ठेवला, खाली धुतलेली खडी, वर पाइप, पुन्हा खडी. पुस्तिकेत शेवटी एक चाचणी दिली होती: पाइपच्या वरच्या टोकात बादलीनं पाणी ओता, ते खालच्या टोकाच्या, पंप बसवायच्या खड्ड्यात आलं की काम झालं. पाणी आलं. पहिल्याच मोठ्या पावसात मात्र लांबच्या बाजूला चर तुडुंब भरून राहिला आणि पंपाच्या खड्ड्यात येणारी धार करंगळीएवढी. उकरून मोजे कापले तेव्हा कळलं, खड्ड्याजवळच्या दोन पाइपांना छिद्रं होती, बाकीचे साधे, बिनछिद्राचे. साध्या पाइपच्या तोंडात पाणी ओतलं तर ते दुसऱ्या टोकाला जाणारच! चाचणीच अशी रचली होती की नापास होण्याची सोय नव्हती. पाणी ओतायचं ते पाइपमध्ये नाही, चरातल्या खडीवर, खड्ड्यापासून सगळ्यात लांबच्या टोकाला, आणि प्लास्टिक अंथरण्याच्या आधी. आणि मोजा चढवलेला पाइप हातात आला की प्रत्येकाचा मोजा वीतभर मागे सारून बघा, विक्रेता कितीही चांगला असला तरी.

पुस्तिकेत छिद्रं वरच्या बाजूला ठेवायला सांगितलं होतं, हेही चूक. पाणी चरात खालून वर चढतं. छिद्रं खाली असली तर ते थोडं चढलं की लगेच पाइपमध्ये शिरतं. छिद्रं वर असली तर पाइप बुडेपर्यंत वाट बघत बसायचं.

खडीभोवती गुंडाळायचं कापड ‘जिओटेक्स्टाइल’ म्हणून आलं. ते विणलेलं, चकचकीत, बागेत तण उगवू नये म्हणून अंथरतात तसलं निघालं. इथं न विणलेलं, नमद्यासारखं दिसणारं कापड लागतं. ओळखायला सोपं आहे: कापड खोलगट धरून वर पेलाभर पाणी ओता. योग्य कापडातून ते झटकन खाली जातं, आमच्या कापडावर तळं साचलं.

पंपाच्या खोक्यावर तासाला किती लिटर याचा मोठा आकडा छापलेला होता आणि तो खोटा नव्हता, ही खरी गंमत. तो आकडा शून्य हेडचा, म्हणजे पाणी वर चढवावंच लागत नाही तेव्हाचा. क्रॉल स्पेसच्या खड्ड्यातून पाणी बाहेर काढायला तीनेक मीटर चढवावं लागलं की छोट्या पंपाचा विसर्ग निम्म्याहूनही खाली येऊ शकतो. हेड आणि विसर्ग यांचा आलेख मागा. नाही दिला तर पंप घेऊ नका. घेतलाच असेल तर नळीचं तोंड प्रत्यक्षात लागेल तेवढ्या उंचीवर बांधा आणि बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा.

चेक व्हॉल्व्ह, ज्याला प्लंबर एनआरव्ही म्हणतात, तो ‘संपूर्ण’ सेटमध्ये नव्हताच. तो नसला की पंप थांबताच उभ्या पाइपमधलं पाणी परत खड्ड्यात येतं आणि पंप पुन्हा सुरू होतो. तो बसवताना व्हॉल्व्हच्या खाली, खड्ड्याच्या आतल्या बाजूला, पाइपला ३ ते ५ मिलिमीटरचं भोक पाडायचं, नाहीतर पंपात हवा अडकून तो नुसताच घुमतो. बाहेरचं तोंड पायापासून निदान ३ मीटर लांब न्या. पंपाच्या जोडणीला विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच हवाच, आणि खाली पाणी साचलेलं असताना मुख्य वीज बंद केल्याशिवाय आत सरपटू नका.

जमिनीवर अंथरायच्या प्लास्टिकवर ‘०.५ मिमी’ असा शिक्का होता. हाताला पातळ लागलं म्हणून मीटर बाय मीटरचा तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. अर्ध्या मिलिमीटरचं पॉलिथीन चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅमच्या वर भरायला हवं. आमचं दीडशेच्या आसपास भरलं, म्हणजे जाडी शिक्क्याच्या एक तृतीयांश. एवढं पातळ प्लास्टिक बाष्प अडवायला चालतं. पण त्यावरून गुडघ्यांवर रांगत जायचं असतं, आणि खालच्या खडीनं ते फाटतं. पैसे मात्र जाड प्लास्टिकचे घेतलेले.

आणि ‘आजीवन वॉरंटी’. पाइपांचे फोटो पाठवले तेव्हा उत्तरात वॉरंटीचं सातवं कलम आलं: ‘प्रशिक्षित व्यक्तीनं बसवला नसल्यास हमी लागू नाही.’ जो सेट स्वतः बसवायचा म्हणूनच विकला, त्याची हमी स्वतः बसवल्यामुळे रद्द! पुढच्या कलमात भूजलाची पातळी वाढल्यानं आलेलं पाणीही वगळलं होतं. ओल्या क्रॉल स्पेसमध्ये मग उरलं कोणतं पाणी? वॉरंटीचा कागद पैसे भरण्याआधी मागा. आम्ही मागितला होता, तेव्हा ‘खोक्यात मिळेल’ असं सांगितलं गेलं. तिथंच व्यवहार थांबवावा असं आता कुणी विचारलं तर मी सांगतो. ‘आजच पूर्ण रक्कम भरली तरच हा भाव’ असं कुणी म्हणालं तरी तेच. ओल महिनोन्‌महिने मुरलेली असते, आणखी आठवड्यानं तिचं काही बिघडत नाही.

चर पुन्हा उघडून पाइप, कापड, पंप सगळं बदललं. पन्हळीचे पाइप लांब नेले आणि बाहेरच्या मातीला उतार दिला. नंतरच्या पावसांत पंप फारच थोडा चालला. सेटवाल्यांकडून मध्यंतरी निरोप आला होता, तक्रार मागे घेतली तर दुसरा सेट निम्म्या किमतीत देतो म्हणून. कापलेले मोजे, प्लास्टिकचा तुकडा आणि काट्यावरचा फोटो तक्रारीला जोडला आहे. दुसरा सेट नको, पैसे परत हवेत, असं उत्तर लेखी कळवलं आहे.