टक्क्याच्या चिन्हामागच्या कमांड: आयपायथनचा शेल सहा वर्षं वापरल्यावर

मराठी शब्दयाद्या साफ करणं हे माझं रोजचं काम. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमला लागणारे लाखभर शब्द दहा ठिकाणांहून येतात आणि प्रत्येक ठिकाणचं टायपिंग निराळं असतं. फाइल लिहायची, चालवायची, परत उघडायची, अशा पद्धतीने हे काम पुढे सरकत नाही. एक ओळ लिहावी, काय झालं ते बघावं, मग पुढची ओळ सुचते. म्हणून आयपायथनचा शेल, म्हणजे पायथन भाषेतली एकेक ओळ टाइप करून लगेच उत्तर बघायची खिडकी, माझ्या स्क्रीनवर दिवसभर उघडा असतो. बरेच जण तो रंगीत अक्षरांसाठी आणि टॅब दाबल्यावर नाव पूर्ण होतं म्हणून घेतात, आणि टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या 'मॅजिक' कमांडपर्यंत पोचतच नाहीत. खरा माल तिथे आहे.

हा शेल फर्नांडो पेरेझ यांनी २००१ साली लिहायला घेतला. तेव्हा ते कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्राची पीएच.डी. करत होते, आणि पहिली आवृत्ती २५९ ओळींची होती. प्रत्येक ओळीला 'इन' आणि उत्तराला 'आउट' असा क्रमांक द्यायची पद्धत मॅथेमॅटिका या गणिताच्या सॉफ्टवेअरवरून आली. पुढे यातूनच ब्राउझरमध्ये चालणारं नोटबुक निघालं आणि २०१४ मध्ये ज्युपिटर हा वेगळा प्रकल्प झाला. मी हे सांगते आहे ते एवढ्यासाठी, की या कमांडवर संशोधकाच्या हाताचा ठसा दिसतो. हातात अर्धवट कल्पना आहे आणि ती विरायच्या आत तपासायची आहे, अशा माणसाने त्या रचल्या आहेत.

एक प्रसंग जवळून दाखवते. दोन याद्यांमधला फरक काढला, तर त्यात 'तऱ्हा' आला. दोन्ही याद्यांमध्ये तो डोळ्यांना अगदी सारखा दिसत होता. पहिल्या यादीतला शब्द चौदाव्या ओळीला छापला होता, दुसरीतला पंधराव्या. नव्याने व्हेरिएबल करायची गरजच नव्हती, कारण अंडरस्कोअर आणि ओळीचा क्रमांक लिहिला की ते उत्तर परत हातात येतं. लांबी मोजायला 'लेन(_१४)' म्हणाले, ५ आले. 'लेन(_१५)' म्हणाले, ६ आले. मग अक्षरं सुटी करायला 'लिस्ट(_१५)' केल्यावर चोर सापडला: एका यादीत ऱ हे एकच अक्षर होतं आणि दुसरीत साधा र आणि खाली वेगळा नुक्ता. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइज हे फंक्शन एनएफसी रूपात (सुटी चिन्हं शक्य तिथे जोडून एक करणाऱ्या) चालवलं तेव्हा दोन्ही पाचावर आले. तिसऱ्या एका यादीत र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक होता. त्याला एनएफसी हात लावत नाही, त्याच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागला. हा सगळा शोध पाच-सहा ओळींत संपला. प्रत्येक वेळी नाव शोधत, फाइल सेव्ह करत बसले असते तर तिसऱ्या प्रकारापर्यंत मी त्या दिवशी पोचले नसते.

आता रोजच्या कमांड. सर्वांत जास्त मी '%हिस्ट' वापरते. आयपायथन टाइप केलेली प्रत्येक ओळ एका छोट्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवतो, शेल बंद केला तरी ती जात नाही. '%हिस्ट -जी' आणि पुढे एखादा शब्द लिहिला की मागच्या सगळ्या बैठकांमध्ये तो शब्द जिथे जिथे वापरला त्या ओळी समोर येतात. आठ महिन्यांपूर्वी विसर्गासाठी एक रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात नमुना शोधायचं सूत्र, जमवलं होतं. कुठल्या फाइलमध्ये ते आठवत नव्हतं, किंबहुना ते कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं. ते इथे मिळालं. आणि हिच्या जोडीला '%सेव्ह'. दिवसभर चाचपडत चाळीस ओळी लिहिल्या, त्यातल्या नऊच कामाच्या निघाल्या, तर '%सेव्ह', फाइलचं नाव आणि '३-७ १४ २२-२४' असे आकडे द्यायचे, तेवढ्याच ओळींची फाइल तयार होते. माझ्या निम्म्या स्क्रिप्ट अशाच जन्माला आल्या आहेत.

'%टाइमइट' प्रसिद्ध आहे, आणि योग्य कारणाने. लूप किती वेळा फिरवायचा हे तो स्वतः ठरवतो, डीफॉल्टने सात फेऱ्या घेतो, सरासरी आणि प्रमाण विचलन देतो. शब्द यादीत आहे का हे लिस्टमध्ये शोधणं आणि सेटमध्ये शोधणं यांतला फरक पुस्तकात वाचलेला असतो. पण एकासमोर मिलिसेकंद आणि दुसऱ्यासमोर नॅनोसेकंद लिहून आलेले पाहिले की तो कायमचा डोक्यात बसतो. मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. तोच कोड तो पुन्हा पुन्हा चालवतो. म्हणजे लिस्ट जागच्या जागी सॉर्ट करणारी ओळ मोजायला दिली, तर पहिल्यांदाच खरं सॉर्टिंग होतं, नंतरच्या सगळ्या खेपांना आधीच लावलेली लिस्ट मिळते आणि आकडा खोटा लहान येतो. शिवाय मोजताना तो गार्बेज कलेक्शन, म्हणजे नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणं, बंद ठेवतो. ज्या ओळीने डेटा बदलतो तिथे '%टाइम' वापरा, तो एकदाच चालवतो.

नाव लिहून पुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं की माहिती, दोन टाकली की थेट सोर्स कोड. मला हे इतकं अंगवळणी पडलं आहे की दुसऱ्या भाषेच्या शेलमध्ये गेले तरी बोट त्याच कीवर जातं. सी भाषेत लिहिलेल्या फंक्शनचा सोर्स मिळत नाही, तेवढं सोडा.

'%डीबग' ही या सगळ्यांतली सर्वांत मोलाची कमांड, आणि नवख्यांना सर्वांत उशिरा कळणारी. एरर आली, ती कुठून कुठे आली हे दाखवणारा लांबलचक ट्रेसबॅक पडला, की लगेच '%डीबग' लिहायचं. प्रोग्रॅम जिथे कोसळला त्याच ठिकाणी तुम्ही उभे असता, तेव्हाचे व्हेरिएबल शाबूत असतात. 'यू' दाबून एक पायरी वर जायचं, 'डी'ने खाली, 'पी'ने किंमत छापायची, 'क्यू'ने बाहेर. दोन तास चाललेल्या कामाच्या शेवटी एरर आली तर ते पुन्हा चालवावं लागत नाही, ही केवढी सोय आहे ते ज्याला असं थांबावं लागलं आहे त्यालाच कळेल. पण शिस्त हवी. ही कमांड शेवटच्या एररमध्ये नेते. घाईत मध्येच काही टाइप केलं आणि स्पेलिंग चुकून नेमएरर (अनोळखी नावाची एरर) आली, तर आधीची दोन तासांची एरर गेली, तिच्या जागी ही क्षुल्लक एरर बसते. माझं असं दोनदा झालं. आता एरर दिसली की पहिली ओळ तीच लिहायची, असा नियम केला आहे.

आता ज्या गोष्टीने मला खरंच त्रास दिला ती. '%रन' फाइल चालवतो, आणि '-आय' जोडलं की ती फाइल शेलमधल्याच नावांसह चालते. मोठी यादी एकदा शेलमध्ये लोड करून ठेवायची आणि स्क्रिप्ट बदलून बदलून चालवत राहायची, यासाठी हे फार सोयीचं. आठवडाभर मी असंच केलं. स्क्रिप्टमध्ये 'अपवाद' नावाचा एक सेट वापरला होता, तो तयार करणारी ओळ मात्र फक्त शेलमध्ये होती. माझ्याकडे सगळं सुरळीत. ज्यांना स्क्रिप्ट पाठवली त्यांच्याकडे पहिल्याच मिनिटाला नेमएरर. त्यांचा अर्धा दिवस गेला, आणि ती यादी त्या दिवशी पोचणार होती. कमांडने सांगितल्याप्रमाणेच काम केलं होतं, तरी मला वाटतं की '-आय'ने चालवताना बाहेरून कुठली नावं घेतली हे शेलने एका ओळीत सांगायला हवं. तेव्हापासून काहीही पाठवण्याआधी मी '-आय' काढून एकदा साधं '%रन' करते. ते फाइलला कोऱ्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे शेलमधलं एकही नाव न देता, चालवतं, म्हणजे राहिलेली ओळ लगेच उघडी पडते.

त्याच जातीची दुसरी अडचण '%ऑटोरिलोड'ची. तो दोनवर ठेवला की एडिटरमध्ये मॉड्यूल बदलावं आणि शेलमध्ये पुढची ओळ चालवताना बदल आपोआप यावा, हे जवळजवळ नेहमी घडतं. पण मॉड्यूलमधून एखादं फंक्शन तुम्ही काढून टाकलं आणि शेलमध्ये ते आधी नावाने आयात केलेलं असेल, तर ते नाव शेलमध्ये तसंच जिवंत राहतं. सीमधल्या एक्स्टेंशनलाही हा उपाय लागू पडत नाही. दिवसातून एकदा शेल बंद करून नव्याने उघडणं हाच मला सापडलेला रस्ता.

मेमरीचंही सांगायला हवं. मोठी यादी 'डेल' केली तरी मेमरी सुटत नाही, असं का, हे मला वर्षभर कळत नव्हतं. कारण ती यादी कधीतरी नुसतं नाव लिहून छापलेली असते आणि आउटच्या साठ्यात तिचा दुवा शिल्लक असतो. हा साठा डीफॉल्टने हजार उत्तरं धरतो. '%रीसेट आउट' केलं की तो रिकामा होतो, आणि एकच वस्तू घालवायची तर '%एक्सडेल' आहे, तो आतल्या दुव्यांसकट काढायचा प्रयत्न करतो. ओळीच्या शेवटी अर्धविराम टाकला तर उत्तर छापलंही जात नाही आणि साठ्यातही जात नाही. मोठ्या डेटावर काम करणाऱ्याने ही सवय पहिल्या दिवशी लावून घ्यावी.

उद्गारचिन्हाने टर्मिनलच्या कमांड चालतात, आणि त्यांचं उत्तर थेट व्हेरिएबलमध्ये घेता येतं. फक्त '!सीडी' केल्याने फोल्डर बदलत नाही, कारण ती कमांड वेगळ्या शेलमध्ये चालून संपते. त्यासाठी '%सीडी'. ऑटोमॅजिक सुरू असतं तेव्हा टक्का न लिहिताही कमांड चालतात, पण त्याच नावाचं व्हेरिएबल किंवा मॉड्यूल असलं की ते आधी धरलं जातं. टाइम मॉड्यूल आयात केलं आणि मग टक्क्याशिवाय 'टाइम' कमांड दिली की सिंटॅक्सएरर. मी टक्का नेहमी लिहिते.

पायथन ३.१३ पासून त्याचा स्वतःचा शेलही बराच सुधारला आहे: रंग आहेत, अनेक ओळींचा ब्लॉक एकत्र परत आणून बदलता येतो, पेस्ट करायची वेगळी सोय आहे. एवढा नवा पायथन असलेल्या कुठल्याही परक्या मशीनवर वेगळं काही न टाकता तो मिळतो, आणि दोन ओळी तपासायला मी आता तोच उघडते. पण क्रमांकित उत्तरं, मागच्या बैठकांमधल्या जुळणाऱ्या सगळ्या ओळी '%हिस्ट -जी'सारख्या एकदम समोर आणणारा शोध आणि एरर आल्यावर एका शब्दात डीबगर, या तिन्ही गोष्टी तिथे नाहीत. ज्याचं काम चाचपडत पुढे जाण्याचं आहे, त्याने आयपायथनच घ्यावा, हे मी पूर्ण खात्रीने सांगते.

तक्रार उरते ती नावांची. '%हू', '%हूज', '%हू_एलएस' यांतला फरक नावावरून कळत नाही. यादी छापणारी '%एलएसमॅजिक' सगळी नावं एकापुढे एक ओतते, कोणती कशासाठी हे सांगत नाही. '%क्विकरेफ' त्यापेक्षा बरी, पण तिचं नाव माहीत असल्याशिवाय ती सापडणार कशी? पहिल्या आठवड्यात फक्त '%हिस्ट', '%डीबग', '%टाइमइट' आणि दोन प्रश्नचिन्हं एवढीच हाताखाली घाला. बाकीच्या गरज पडेल तशा येतात.

आणि आयपायथनच्या प्रोफाइलमध्ये स्टार्टअप नावाचं फोल्डर असतं, त्यातल्या फाइली शेल उघडताना नावाच्या क्रमाने चालतात. माझ्या फोल्डरात एकच फाइल आहे, तीन ओळींची: ऑटोरिलोड लोड करणारी, त्याला दोनवर ठेवणारी, आणि 'तऱ्हा'च्या त्या दिवसापासून, युनिकोडडेटा आयात करणारी.