एकच पॅकेट दोनदा दिसतंय? स्पॅन सुधारायचा, फाईल साफ करायची की टॅप घ्यायचा

वायरशार्कमध्ये, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेट्स दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पकडलेल्या पॅकेट्सची फाईल उघडली आणि निम्म्या ओळी काळ्या पट्ट्यावर लाल अक्षरांत दिसल्या, म्हणजे ‘रिट्रान्समिशन’ (पॅकेट पुन्हा पाठवलं), ‘डुप एसीके’ (तीच पोच पुन्हा आली), ‘आऊट ऑफ ऑर्डर’ (क्रम चुकला), तर बहुतेक जण थेट इंटरनेटवाल्याला दोष देतात. कुपवाड एमआयडीसीत ईआरपी (कंपनीच्या कारभाराचं सॉफ्टवेअर) हळू चालल्याची तक्रार आली की हेच होतं. त्याआधी एकसारख्या दिसणाऱ्या दोन पॅकेट्सची एक जोडी नीट उघडून बघा.

समजा, वरच्या पॅकेटचा आयपी आयडी (पाठवणाऱ्याने दिलेला ओळख क्रमांक) १४९७१ आणि टीटीएल (प्रत्येक राऊटरवर एकाने कमी होणारा आकडा) १२८ आहे. खालच्याचाही आयडी १४९७१, टीटीएल १२८, दोन्ही मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे पत्ते) तेच आणि मधलं अंतर काही मायक्रोसेकंदांचं. हे रिट्रान्समिशन नव्हे. खरं रिट्रान्समिशन इतक्या लवकर येत नाही. लिनक्सवर टाइमआऊटने होणारं तर सहसा २०० मिलिसेकंदांच्या आत येतच नाही, आणि त्याला बहुतेक वेळा नवा आयडी मिळतो. आयडी तोच, पण टीटीएल एकाने कमी आणि मॅक वेगळे असतील, तर तेच पॅकेट तुम्ही राऊटरच्या अलीकडे आणि पलीकडे असं दोनदा पकडलंय. आयडी शून्य असेल किंवा ट्रॅफिक आयपीव्ही६ असेल तर ही खूण उपयोगाची नाही. तिथे सिक्वेन्स नंबर (टीसीपीने डेटाला दिलेला क्रम) आणि वेळ बघायची.

जशीच्या तशी जोडी दिसली तर कारण बहुधा स्विचवरच असतं. स्पॅन म्हणजे निवडलेल्या पोर्टांवरच्या ट्रॅफिकची कॉपी एका ‘मॉनिटर’ पोर्टवर पाठवायची स्विचची सोय. तिचा सोर्स म्हणून अख्खं व्हीलॅन (स्विचवरच्या पोर्टांचा वेगळा केलेला गट) दिलेलं असतं आणि दिशा ‘बोथ’, म्हणजे येणारं-जाणारं दोन्ही. आयर्विन पुलाच्या दोन्ही टोकांना माणूस बसवून दोघांचे आकडे बेरजेला धरले तर प्रत्येक गाडी दोनदा मोजली जाईल. इथेही पॅकेट एका पोर्टमधून आत येताना एक कॉपी होते आणि दुसऱ्यातून बाहेर जाताना दुसरी.

माझं मत स्पष्ट आहे: आधी स्पॅन सुधारा. खर्च शून्य. व्हीलॅन सोर्स ठेवायचं असेल तर दिशा फक्त ‘आरएक्स’ (स्विचमध्ये आत येणारं) करा. त्याहून चांगलं म्हणजे सोर्स म्हणून फक्त सर्व्हरचा एक पोर्ट द्या आणि दिशा ‘बोथ’ ठेवा. एकाच पोर्टवर ‘आरएक्स’ लावलंत तर निम्मंच संभाषण हाती येईल, ही गल्लत टाळा. स्विच स्वतः राऊटिंग करत असेल तर व्हीलॅनच्या ‘आरएक्स’मध्ये दुसऱ्या व्हीलॅनकडून आलेली पॅकेट्स दिसतीलच असं नाही. तिथेही पोर्टच सोर्स धरावा.

स्पॅनला पहिला मान देण्याचं आणखी एक कारण आहे. व्हीलॅनमध्ये ६०० मेगाबिट ट्रॅफिक असेल तर दोन-दोन कॉपींमुळे ते १२०० होतं आणि मॉनिटर पोर्ट एक गिगाबिटचा. उरलेलं स्विच गुपचूप टाकून देतो. म्हणजे फाईलमध्ये काही पॅकेट्स दोनदा आणि काही अजिबात नाहीत. वायरशार्क तेव्हा ‘एसीक्ड अनसीन सेगमेंट’ म्हणतो, म्हणजे पोच दिसली पण माल दिसला नाही. असं गेलेलं पॅकेट नंतर कितीही साफसफाई केली तरी परत येत नाही.

मग एडिटकॅप, म्हणजे वायरशार्कसोबत येणारं फाईल साफ करायचं साधन, कधी? बिघाड परत घडवून आणता येत नसेल आणि हातात फक्त जुनी फाईल असेल, तेव्हा. त्याचा लहान ‘डी’ पर्याय प्रत्येक पॅकेटची लांबी आणि एमडी५ हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) आधीच्या चार पॅकेट्सशी ताडतो. गर्दीच्या लिंकवर जुळी पॅकेट्स याहून लांब पडतात, म्हणून मला वेळेचा ‘डब्ल्यू’ पर्याय बरा वाटतो. ०.०००१ सेकंदापासून सुरू करा. ही वेळेची खिडकी जितकी मोठी तितका खरं रिट्रान्समिशनही पुसलं जाण्याचा धोका, आणि आपण शोधत असतो ते नेमकं तेच. राऊटरच्या दोन्ही बाजूंच्या कॉपी असतील तर मोठा ‘आय’ पर्याय २६ बाइट्सवर ठेवला की इथरनेट हेडर आणि आयपी हेडरचा पत्त्यांआधीचा भाग तुलनेतून वगळला जातो. पण त्यात आयडीही जातो, त्यामुळे इथे खिडकी लहानच हवी. एका कॉपीवर व्हीलॅन टॅग आणि दुसरीवर नाही, असं असेल तर चार बाइट्सच्या फरकाने लांबीच जुळत नाही आणि ती जोडी तशीच राहते. मूळ फाईल मात्र कधीही पुसू नका.

टॅप म्हणजे केबलच्या मध्ये बसवून ट्रॅफिकची कॉपी देणारं उपकरण. तो सगळ्यांना लागत नाही. मिरजेच्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये किंवा बँकेच्या डेटा सेंटरमध्ये एकाच लिंकवर कायमची नजर ठेवायची असेल, तर पैसे घालावेत. फायबरचा टॅप प्रकाशच विभागतो, त्याला वीज लागत नाही. तांब्याच्या गिगाबिट केबलवरच्या टॅपला वीज लागते. लाईट गेली की आतला रिले लिंक सरळ जोडून देतो, पण त्या क्षणी लिंक पडून उठते. म्हणून तो यूपीएसवरच हवा. टॅप दोन दिशा दोन वेगळ्या पोर्टांवर देतो, त्यामुळे पकडणाऱ्या मशीनला दोन कार्डं लागतात, नाहीतर दोन्ही दिशा एकत्र करणारा टॅप. आणि फायरवॉलच्या दोन्ही बाजूंना टॅप लावून ट्रॅफिक एकत्र केलंत तर प्रत्येक पॅकेट पुन्हा दोनदा दिसेलच.

स्विचला हात लावायची परवानगी नसेल तर सर्व्हरवरच टीसीपीडम्प (पॅकेट्स पकडणारी कमांड) चालवा. तिथे १५०० बाइट्सहून मोठी पॅकेट्स आणि चुकीचे चेकसम दिसतील. ते कार्डाच्या ऑफलोडमुळे, म्हणजे पॅकेट्सचे तुकडे करणं आणि चेकसम काढणं कार्डावर सोपवल्यामुळे, घाबरू नका. फक्त इंटरफेस म्हणून ‘एनी’ (सगळे इंटरफेस) देऊ नका. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा ब्रिज (मशीनच्या आतला सॉफ्टवेअरचा स्विच) असलेल्या मशीनवर तेच पॅकेट कार्डावर, ब्रिजवर आणि कंटेनरच्या टोकाला असं तीन ठिकाणी पकडलं जातं. ‘एनी’ दिलंच असेल, तर ४.९९ पासूनचा टीसीपीडम्प प्रत्येक ओळीत इंटरफेसचं नाव छापतो. ते वाचून मूळ कार्ड कोणतं ते ओळखा आणि त्याच एका नावावर पुन्हा पकडा.