बोटीवर नेण्याजोगं इंटरनेट: किविक्स, सिंगलफाइल आणि एचटीट्रॅक

मी थर्ड इंजिनिअर. घर रत्नागिरीत, पण वर्षातले सहा महिने बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल वाहणाऱ्या बोटीवर. "आता बोटीवर नेट असतं ना?" असं गावात सगळे विचारतात. असतं. मागच्या बोटीवर माणशी आठवड्याला ५०० एमबी मिळायचे. सोमवारी कोटा आला की मुलीला व्हिडिओ कॉल, आणि बुधवारी ठणठण गोपाळ. त्यानंतर इंजिनाचं तेल साफ करणाऱ्या प्युरिफायरच्या बिघाडाबद्दल वाचायचं असो की चतुर्थीला मोदकांच्या उकडीत पाणी किती ते बघायचं असो, काही उघडत नाही. म्हणून गेली तीन कॉन्ट्रॅक्टं मी वेबसाइटी लॅपटॉपवर भरून नेतोय.

पहिल्या खेपेला अक्कल नव्हती. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि एस दाबून तीस-चाळीस पानं साठवली. प्रत्येक पानाशेजारी त्याच नावाचं एक फोल्डर तयार झालं, आत चित्रं आणि बारीकसारीक फाइलींचा चुरा. हा कचरा कशाला, म्हणून मी सगळी फोल्डरं उडवली. विंडोज ही जोडी एकत्र बांधून ठेवते. फोल्डर पुसलं की पानही जातं. मला हे कळलं तेव्हा सिंगापूर मागे पडलं होतं.

आता तीन साधनं वापरतो, तिन्ही फुकट. पण तिघांची कामं वेगळी आहेत. एकाकडून दुसऱ्याचं काम करून घ्यायला गेलात तर शिव्याच घालाल.

किविक्सबद्दल माझी तक्रार जवळपास नाही. २००७ साली दोघा जणांनी सुरू केलेला हा प्रकल्प आता स्वित्झर्लंडमधून चालतो. अख्खी वेबसाइट, शोधायच्या सूचीसकट, झिम नावाच्या एकाच फाइलीत दाबून बसवलेली असते. ती उघडायला एक छोटं ॲप. विंडोजसाठीचं ॲप झिप उघडली की सरळ चालतं, इन्स्टॉल करावं लागत नाही. बोटीवरच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर काहीही टाकायला ज्यांना बंदी असते, त्यांना याची किंमत कळेल. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट १०० जीबीच्या वर जाते, बिनचित्रांची साधारण निम्म्यावर येते. मी बिनचित्रांची घेतली, आणि वैद्यकीय लेखांची वेगळी फाइल मात्र चित्रांसकट. बोटीवर डॉक्टर नसतो. औषधांची पेटी सेकंड ऑफिसरच्या ताब्यात. त्याने ती फाइल पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी पेन ड्राइव्ह घेऊन केबिनच्या दारात उभा.

पेन ड्राइव्हवरून आठवलं. घर सोडायच्या आदल्या रात्री पाच जीबीची झिम ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर टाकायला गेलो, तर जागा पुरत नाही म्हणे. ड्राइव्ह कोराकरकरीत! घोळ असा की तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, आणि त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल मावतच नाही. एक्सफॅटमध्ये पुन्हा फॉरमॅट केला, दोन मिनिटांत काम झालं. पण त्याआधी दीड तास मी दोष दिला तो ड्राइव्हला आणि ज्याच्याकडून घेतला त्या दुकानदाराला.

किविक्सची खरी गंमत त्याच्या लोकल सर्व्हरमध्ये आहे. मेनूतून तो सुरू करायचा की लॅपटॉप एक पत्ता दाखवतो, शेवटी ८०८० असलेला. तो पत्ता त्याच वायफायवरच्या कुणीही मोबाइलवर उघडावा. बाहेरचं इंटरनेट लागतच नाही, नुसता राउटर चालू हवा. मेसरूममध्ये आम्ही हे लावलं आणि जेवणानंतरचे वाद जागच्या जागी मिटायला लागले. आमचा फिटर फिलिपिन्समधल्या सेबूचा. त्याला मी सांगितलं, तुझ्या सेबुआनो भाषेच्या विकिपीडियात साठ लाखांवर लेख आहेत. तो म्हणाला, आम्ही एवढं कधी लिहिलं? लिहिलं नाहीच. त्यातले जवळपास सगळे एका स्वीडिश माणसाच्या बॉटने, म्हणजे आपोआप लेख लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने लिहिलेत, प्राणी-वनस्पतींवर आणि ओढ्या-डोंगरांवर. मग त्याच्यासाठी फिलिपिन्सच्याच टागालोग भाषेतली ठेवली.

आपली मराठी विकिपीडिया २००३ च्या महाराष्ट्र दिनी सुरू झाली. किविक्सवर ती मिळते, पण इंग्रजीच्या पासंगालाही पुरत नाही. शिवाय झिमचं अपडेट म्हणजे पूर्ण फाइल नव्याने उतरवणं. नुसते बदल तेवढे घेता येत नाहीत, ही एक कमी.

सुट्या पानांसाठी सिंगलफाइल. हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन आहे. बटण दाबलं की पान चित्रांसकट एकाच फाइलीत बंद. फोल्डर नाही, चुरा नाही. पडद्यावर जे दिसतंय तेच साठवतं, त्यामुळे ज्या साइटी उघडल्यावर मग हळूहळू मजकूर आणतात त्याही नीट येतात. फक्त लांब पान असेल तर आधी शेवटपर्यंत एकदा खाली सरकवून घ्या. कधीकधी खालची चित्रं आलेलीच नसतात आणि फाइलीत राखाडी चौकोन पडतात. उघडलेल्या सगळ्या टॅब एकदम साठवायची सोयही आहे. माझ्याकडे अशी दोनेकशे पानं आहेत: परीक्षेच्या तयारीची, पंपांच्या दुरुस्तीची, आणि बायकोने निवडून दिलेल्या पाककृतींची. उकडीचं पाणी त्यातच सापडलं. मोदक फुटले तो दोष फाइलीचा नव्हता, बोट हलत होती.

उरलं एचटीट्रॅक. हे १९९८ पासून आहे आणि दिसतंही तसंच. खिडक्या पाहून सायबर कॅफेची आठवण येते. यात साइटचा पत्ता द्यायचा, मग ते दुव्यामागून दुवा पकडत सगळी पानं उतरवतं आणि आतले दुवे आपल्या डिस्ककडे वळवतं. मी ते घेतलं मराठी विश्वकोशासाठी. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलेलं ते वीस खंडांचं काम नेटवर वाचायला आहे, पण माझ्यासारख्याला सहा महिने पुरेल अशी तयार फाइल मला कुठे मिळाली नाही. मजकुराच्या साध्या पानांसाठी एचटीट्रॅक अजूनही झकास. पण पान उघडल्यावर स्क्रिप्टने मजकूर आणणाऱ्या आजकालच्या साइटींसमोर ते हात टेकतं; रिकामी चौकट तेवढी मिळते.

आणि याला लगाम लागतो. एका दिनदर्शिकेच्या साइटवर मी खोलीची, म्हणजे दुव्यामागून किती दुवे आत जायचं याची, मर्यादा न घालता ते रात्री सोडून दिलं. प्रत्येक पानावर 'पुढचा महिना' असा दुवा होता. सकाळी उठून पाहतो तर गडी २१४७ च्या भाद्रपदात पोचलेला. तेव्हापासून मर्यादांच्या टॅबमध्ये आधी खोलीचा आकडा टाकतो, व्हिडिओ आणि झिप फाइली नियम घालून वगळतो, आणि एका वेळच्या जोडण्या दोनवर आणतो. सरकारी सर्व्हरवर आपण एकटेच नसतो, तेवढी लाज बाळगावी. मध्येच वीज गेली तर काळजी नाही, अर्धवट काम पुढे चालू ठेवायचा पर्याय आहे, आणि तो खरोखर चालतो.

देवनागरी पत्त्यांचा त्रास मात्र कुणी सांगत नाही. वेबच्या पत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह टक्क्याच्या चिन्हांच्या (%) सांकेतिक रूपात नऊ अक्षरं खातं. मात्रा आणि हलन्त वेगळे धरून 'ज्ञानेश्वर' या एका शब्दाची नव्वद होतात. विंडोजमध्ये फाइलीचा पूर्ण मार्ग साधारण २६० अक्षरांत बसावा लागतो. असल्या नावाच्या फाइली माझ्या 'डॉक्युमेंट्स'मधल्या फोल्डरात-फोल्डर रचनेत गेल्या की कॉपी करताना रुसायच्या. आता डी ड्राइव्हच्या तोंडाशीच एकाक्षरी फोल्डर करतो आणि सगळं त्यात टाकतो. तक्रार बंद.

घर सोडायच्या दोन दिवस आधी वायफाय बंद करून संध्याकाळभर फक्त साठवलेलंच वाचतो. नेट चालू असताना तपासलंत तर फसाल, कारण न उतरलेला दुवा गुपचूप बाहेरून उघडतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. मागच्या वेळी या परीक्षेत अठरा पानं नापास झाली.

आता पुढचं जॉइनिंग महिन्यावर आलंय. विश्वकोशाचे अकरा खंड उतरलेत, बारावा चालू आहे. बायको विचारतेय, बॅगेत लोणच्याची बरणी कुठे ठेवू. हार्ड डिस्कपासून लांब, एवढंच सांगितलंय.